एजे स्टाइल्सची अख्खी कारकीर्द कशी बघायची, कुठून सुरू करायची

माझा भाचा अकरावीत आहे, दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे राहायला आला होता आणि रात्री जेवणं झाल्यावर म्हणाला, मामा, मला एजे स्टाइल्स जाम आवडतो, त्याच्या भारी मॅचेस कुठल्या ते सांग ना. मी चार नावं धाडधाड सांगून टाकली आणि नंतर झोपायला पडल्यावर लक्षात आलं की चारही डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकेतल्या बड्या रेसलिंग कंपनीच्याच सांगितल्या. म्हणजे जो अमेरिकन रेसलर ३८व्या वर्षी डब्ल्यूडब्ल्यूईत आला त्याची आधीची सगळी वर्षं मी एका झटक्यात उडवली. सकाळी त्याला परत बसवलं आणि वहीच्या एका पानावर नीट क्रम लिहून दिला. तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण आपल्याकडे बहुतेकांनी रेसलिंग टेन स्पोर्ट्‌सवर नाहीतर ट्रम्प कार्डांवर बघितलं, त्यामुळे डब्ल्यूडब्ल्यूईच्या बाहेर काही असतं हेच बऱ्याच जणांना उशिरा कळलं. मला पण उशिराच कळलं.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. निकाल आधी ठरलेला असतो हे सगळ्यांना माहिती आहे, ते सिद्ध करत बसायची गरज नाही. कोण जिंकला यापेक्षा कसा जिंकला, कोणासमोर, कुठल्या रिंगमध्ये, आणि समोर बसलेले लोक कसे होते ते बघायचं. आपल्याकडे पैलवान गावची तालीम सोडून कोल्हापूरला नाहीतर पुण्याला मोठ्या तालमीत जातो तेव्हा वस्ताद बदलतो, माती बदलते, जोडीदार बदलतात, आणि त्याचा जो हुकमी डाव असतो तो तसाच राहतो का त्यात काही फरक पडतो हे जाणकार माणूस फडाच्या कडेला बसून बघत असतो. स्टाइल्सला तसंच बघायचं. एक डाव धरायचा आणि तो डाव घेऊन त्याच्याबरोबर एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत जायचं.

तो डाव म्हणजे स्टाइल्स क्लॅश. हा एकदा नीट समजून घ्या, मोबाईल स्लो मोशनवर टाकून बघा. समोरचा वाकलेला असतो, त्याचं डोकं स्टाइल्सच्या मांड्यांमध्ये, मग स्टाइल्स त्याला कंबरेला धरून उलटा उचलतो, समोरच्याची पाठ स्टाइल्सच्या पोटाला आणि तोंड बाहेरच्या बाजूला. आता स्टाइल्स दोन छोटी पावलं टाकतो, आधी एक पाय मग दुसरा, आणि त्या पावलांनी समोरच्याचे दोन्ही हात आपल्या पायांमागे अडकवून टाकतो. हात गेले म्हणजे जमिनीवर टेकवायला काही उरलं नाही. मग सरळ पुढे पडतो आणि समोरचा तोंडावर आपटतो. यात धोका कुठे आहे तर रेसलरला पहिल्या दिवसापासून शिकवतात की पडताना हनुवटी छातीला लाव, मान वाचते, आणि या एकाच डावात त्याच्या बरोब्बर उलटं करायचं असतं, डोकं मागे घ्यायचं, छातीवर पडायचं. सवयीने हनुवटी आत गेली की संपलं. २०१४ मध्ये जपानमध्ये योशितात्सूने सवयीने हेच केलं आणि त्याची मान मोडली. चांगला सराव असलेला माणूस, तरी झालं. हे माहिती असलं की प्रत्येक वेळी ती दोन छोटी पावलं पडताना तुमचं लक्ष आपोआप समोरच्याच्या मानेकडे जाईल, आणि जायलाच पाहिजे.

आता क्रम.

सुरुवातीची वर्षं पटकन उरका. मूळ नाव अ‍ॅलन जोन्स, जन्म १९७७, जॉर्जियातल्या गेन्सव्हिलला वाढला, १९९८ला रेसलिंग सुरू केलं, तिथल्याच एनडब्ल्यूए वाइल्डसाइड नावाच्या छोट्या कंपनीत नाव केलं. २००१च्या सुरुवातीला डब्ल्यूसीडब्ल्यू या मोठ्या कंपनीने घेतलं, एअर पॅरिस नावाच्या रेसलरबरोबर जोडी लावली, आणि मार्च २००१ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यूच विकली गेली, घेणारे डब्ल्यूडब्ल्यूएफवाले, म्हणजे पुढची डब्ल्यूडब्ल्यूई. २००२च्या सुरुवातीला त्याच डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये हरिकेन नावाच्या रेसलरसमोर एक छोटी मॅच मिळाली, त्यानंतर करारही देत होते, पण त्यासाठी सिनसिनाटीला जाऊन राहावं लागणार होतं आणि बायकोचं शिक्षण चालू होतं म्हणून हा नाही म्हणाला. या नकाराची नोंद ठेवा कारण पुढचं सगळं इथून फुटतं. हरिकेनवाली मॅच काही मिनिटांची आहे, सापडली तर बघा, नाही सापडली तर काही बिघडत नाही.

खरा मुक्काम टीएनए, ही अमेरिकेतलीच दुसरी रेसलिंग कंपनी. १९ जून २००२ला अलाबामातल्या हंट्सव्हिलला यांचा पहिला शो झाला, पुढे नॅशव्हिलला दर बुधवारी, आणि पहिल्या दिवसापासून स्टाइल्स होता. एक्स डिव्हिजन नावाचा प्रकार यांनी काढला, त्याचा पहिला चॅम्पियन हाच. एक्स डिव्हिजनमध्ये वजनाची अट नव्हती, हलका असो जड असो, वेगात खेळायचं, उडायचं. २००४ पासून यांनी सहा कोपऱ्यांची रिंग आणली आणि शो ऑर्लँडोला युनिव्हर्सल स्टुडिओच्या एका साउंडस्टेजवर गेला. ही सहा कोनी रिंग नुसती दिसायला वेगळी नाही, दोऱ्या आखूड होतात, कोपरे जास्त होतात, धावायचा कोन बदलतो. स्टाइल्स दोरीवरून उडतो ना ते या रिंगमध्ये बघा आणि मग चार कोपऱ्यांच्या रिंगमध्ये बघा, पाय ठेवायची जागाच वेगळी आहे.

टीएनएची एकच मॅच बघणार असाल तर ११ सप्टेंबर २००५, अनब्रेकेबल, स्टाइल्स विरुद्ध समोआ जो विरुद्ध ख्रिस्तोफर डॅनियल्स. तिघांची मॅच म्हटलं की बहुतेक वेळा एक जण बाहेर पडून राहतो आणि दोघं खेळतात, इथे तसं फार कमी होतं, तिघंही सतत कामात. चॅम्पियन डॅनियल्स आहे, समोआ जो तोपर्यंत टीएनएत कोणाकडून हरलेला नाही आणि आकाराने दोघांच्या दीडपट, म्हणजे हे दोघं एकमेकांचे वैरी असूनही आधी जोचं काय करायचं हा प्रश्न दोघांना आहे. शेवट मुद्दाम सांगतो, त्याने मजा जात नाही, डॅनियल्स त्याचा एंजल्स विंग्ज नावाचा डाव लावायला जातो आणि स्टाइल्स त्याच्यावरूनच उलटून पाठीची कमान करून त्याला खाली दाबतो, एक दोन तीन. जोला कोणी पाडलंच नाही, त्यामुळे जो न हरताच बाहेर आला आणि पुढची भांडणं शिल्लक राहिली. इतकं व्यवस्थित रचलेलं काम मी फार कमी वेळा बघितलंय.

त्याच काळात तो रिंग ऑफ ऑनर नावाच्या कंपनीतही खेळत होता. तिथली १४ फेब्रुवारी २००४ची मॅच जरूर बघा, समोर सीएम पंक, आणि स्टाइल्स प्युअर टायटलचा पहिला चॅम्पियन होतो. प्युअरचे नियम वेगळे, दोरीला हात लावून सुटका फक्त तीनदा, मूठ वळून तोंडावर मारायचं नाही. दोरी संपली की पकडीतून सुटायला अक्कलच लावावी लागते. उड्या मारणारा पोरगा म्हणून ओळखलेला स्टाइल्स इथे जमिनीवर खेळताना दिसतो, आणि ज्यांना आपली मॅटवरची नाहीतर मातीतली कुस्ती आवडते त्यांना हाच भाग जास्त आवडेल असं माझं मत आहे.

टीएनएची २०१० ते २०१२ ही वर्षं मी तुम्हाला सरळ सोडून द्या म्हणेन. २०१०ला हल्क होगन वगैरे मंडळी आली, सहा कोनी रिंग काढली, स्टाइल्सला रिक फ्लेअरच्या हाताखाली दिला आणि त्याच्यासारखे झगे घालून फिरायला लावलं. इतका स्वतःचा चेहरा असलेला माणूस दुसऱ्याचा झगा घालून उभा आहे हे बघून मला खरंच वाईट वाटलं होतं. २०१२ची ती गरोदरपणाची स्टोरी तर शत्रूलासुद्धा सांगू नये. जे आपल्याला आवडतं त्यातला वाईट भाग सोडून द्यायचा अधिकार बघणाऱ्याला असतो, कारकीर्द बघायची म्हणजे प्रत्येक एपिसोड बघायचा असं काही नाही.

थेट ऑक्टोबर २०१३ला या, सॅन दिएगोचा बाउंड फॉर ग्लोरी. तो बुली रेला हरवून वर्ल्ड टायटल घेतो आणि स्टोरीप्रमाणे बेल्ट घेऊन कंपनीतून निघूनच जातो, मेक्सिकोत आणि जपानमध्ये तो बेल्ट लावून मॅचेस खेळतो. गंमत अशी की त्याच वेळी त्याचा खरा करारही संपत होता आणि नवीन ऑफर आधीपेक्षा बऱ्याच कमी पैशांची होती, हे त्याने नंतर स्वतः सांगितलंय. म्हणजे पडद्यावर नाटकात निघून जाणारा माणूस खरोखरच निघाला होता. परत येऊन मॅग्नसकडून हरला, जानेवारी २०१४ मध्ये ती मॅच टीव्हीवर आली, साडेअकरा वर्षांचा मुक्काम संपला. हा मॅग्नस म्हणजे आता डब्ल्यूडब्ल्यूईच्या स्मॅकडाउन शोचा जनरल मॅनेजर म्हणून दिसणारा निक अल्डिस. आणि पुणेकरांनो, हाच माणूस आपल्या बालेवाडीत खेळून गेलाय. टीएनएने भारतासाठी रिंग का किंग नावाचा शो काढला होता, डिसेंबर २०११ मध्ये बालेवाडीच्या क्रीडा संकुलात शूटिंग झालं, २०१२च्या सुरुवातीला कलर्सवर लागला, हरभजन सिंग त्याचा चेहरा होता. मॅग्नस तिथे ब्रूटस मॅग्नस नावाने होता. तो शो पुढे चालला नाही याची मला अजून हळहळ वाटते.

आता जपान. हा भाग मी सावकाश बघायला सांगेन, कारण स्टाइल्सला स्टाइल्स बनवलं टीएनएने पण मोठा केला न्यू जपान या तिथल्या रेसलिंग कंपनीने. ६ एप्रिल २०१४ला तो आला आणि तिथला चॅम्पियन ओकाडा याच्यावर हल्ला करून बुलेट क्लब नावाच्या रेसलर्सच्या टोळीत शिरला. त्याच रात्री बुलेट क्लबचा आधीचा म्होरक्या प्रिन्स डेविट बाहेर फेकला गेला. डेविट म्हणजे पुढे डब्ल्यूडब्ल्यूईत गेलेला फिन बॅलर. एक गेला, एक आला, दोघं समोरासमोर आलेच नाहीत, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. महिन्याभरात, ३ मेला फुकुओकात, स्टाइल्सने ओकाडाला हरवून न्यू जपानचं मुख्य आयडब्ल्यूजीपी हेवीवेट टायटल घेतलं, ओकाडाचाच साथीदार युजिरोने त्याला दगा दिला म्हणून.

बघताना दोन गोष्टी आधीच माहिती असू द्या नाहीतर गोंधळ होतो. एक, न्यू जपानमध्ये रिंगच्या बाहेर गेलात तर वीसपर्यंत मोजतात, डब्ल्यूडब्ल्यूईत दहापर्यंत, त्यामुळे बाहेरची मारामारी लांबते आणि अठरा-एकोणीसला धडपडत आत येणं हा एक वेगळाच प्रसंग असतो. दुसरं, प्रेक्षक सुरुवातीला शांत असतात, त्याला कंटाळा समजू नका, ते बघतायत, आणि मॅच चढत जाते तसा आवाज चढत जातो. हेडफोन लावून बघा, इंग्लिश कॉमेंट्री मिळत असली तरी एकदा जपानी ठेवून बघा, भाषा न कळता कॉमेंटेटरचा सूर कळतो.

जपानमधली माझी सगळ्यात आवडती मॅच १ ऑगस्ट २०१४ची, जी१ क्लायमॅक्समधली, कोराकुएन हॉलमध्ये, मिनोरू सुझुकीसमोर. जी१ म्हणजे साखळी सामने, जिंकलं की दोन गुण, त्यामुळे टायटल नसलं तरी प्रत्येक मॅचला वजन असतं. कोराकुएन जेमतेम दोन हजार माणसं मावतील एवढा हॉल, लोक अगदी अंगावर. सुझुकी उडत नाही, तो हात धरतो. स्टाइल्सचा हात धरतो, बोटं धरतो आणि पिळत राहतो, आणि ज्या हाताने कोपर मारायचं त्याच हाताची वाट लागली की स्टाइल्सचा अर्धा खेळच बंद. इथे बघायचं ते हे की वेदना दाखवणं तो पुढच्या प्रत्येक डावात सांभाळतो, मारतो आणि लगेच हात झटकतो, उचलायला जातो आणि पकड सुटते. दहा मिनिटांपूर्वीचा मार विसरून धावायला लागणारे रेसलर खूप असतात, स्टाइल्स विसरत नाही. भाच्याला मी हीच मॅच सगळ्यात आधी दाखवली, तो मध्येच फोन खाली ठेवून स्वतःची बोटं चोळायला लागला.

मग ४ जानेवारी २०१६, टोकियो डोम, जपानी रेसलर नाकामुरासमोर. स्टाइल्स हरतो. मॅच संपल्यावर दोघं मुठीला मूठ लावतात. दुसऱ्याच दिवशी कोराकुएनमध्ये केनी ओमेगा आणि बाकीचे बुलेट क्लबवाले त्याच्यावर उलटतात आणि जपानचा अध्याय बंद.

आणि २४ जानेवारी, म्हणजे तीन आठवडेसुद्धा झाले नाहीत, रॉयल रंबल, डब्ल्यूडब्ल्यूईची ती मॅच जिच्यात रेसलर नंबराप्रमाणे एकेक करून रिंगमध्ये येतात. हा प्रवेश आवाज मोठा करून बघा. तिसरा नंबर, रिंगमध्ये रोमन रेन्स उभा, अनोळखी म्युझिक सुरू होतं, स्क्रीनवर अक्षरं उमटतात, आणि नाव दिसायच्या आधीच हॉलमधल्या लोकांना कळलेलं असतं. कॅमेरा रोमनच्या चेहऱ्यावर जातो तोसुद्धा बघा. जागा कुठली तर ऑर्लँडो. ज्या शहरात युनिव्हर्सलच्या साउंडस्टेजवर हा वर्षानुवर्षं खेळला त्याच शहरात. मी आधी टीएनए बघा म्हणतोय ते याच्यासाठी, ते बघितलं नसेल तर हा नुसता एक नवीन रेसलर आला एवढंच दिसतं, बघितलं असेल तर घशात आवंढा येतो. त्या रात्री तो २८ मिनिटांच्या आसपास टिकला, केविन ओवेन्सने बाहेर काढलं. नाव बदललं नाही हे पण बघा, डब्ल्यूडब्ल्यूई सहसा बाहेरून आलेल्याचं नाव बदलते.

डब्ल्यूडब्ल्यूईत काय बघायचं ते तुम्हाला बरंचसं माहिती असेल म्हणून भरभर सांगतो. समरस्लॅम २०१६, सीनासमोर, हरल्यावर सीना हातातला पट्टा काढून रिंगमध्ये ठेवून जातो. त्याच सप्टेंबरला डीन अँब्रोजकडून वर्ल्ड टायटल, म्हणजे आल्यापासून आठ महिन्यांत. ७ नोव्हेंबर २०१७, इंग्लंडमधलं मँचेस्टर, जिंदर महालकडून टायटल. आपल्याकडे त्या रात्री खूप जणांना वाईट वाटलं होतं, पुढच्याच महिन्यात दिल्लीत शो होता आणि जिंदर चॅम्पियन म्हणून येणार अशी सगळ्यांची समजूत होती. मला जिंदरबद्दल आदर आहे पण स्टाइल्सकडे टायटल गेलं हे रेसलिंगच्या दृष्टीने बरोबरच झालं, पुढे ३७१ दिवस त्याने ते सांभाळलं.

इथे तो हुकमी डाव परत बघा. डब्ल्यूडब्ल्यूईत क्लॅश कमी होतो आणि दोरीवरून उडी मारून मारलेलं कोपर, फिनॉमिनल फोरआर्म, जास्त वेळा मॅच संपवतं. माझा अंदाज असा की वजनदार माणसांना उलटं उचलणं आणि रोज नवीन माणसाच्या मानेची जोखीम घेणं यापेक्षा हे बरं. आणि बघायला पण भारी, तो बाहेरून वरच्या दोरीवर उभा राहतो, पाव सेकंद तोल सावरतो, मग येतो.

आता सगळ्यात मजेचा भाग, आणि हा कुठल्याही रेसलरला लागू पडतो, तीच जोडी दोन कंपन्यांत लागोपाठ बघायची. टोकियो डोमची नाकामुरावाली मॅच आणि रेसलमेनिया ३४, ८ एप्रिल २०१८, न्यू ऑर्लिन्स, एकाच संध्याकाळी बघा. माणसं तीच, दोन वर्षांचाच फरक, पण वेग वेगळा, आणि नाकामुराच्या गुडघ्याच्या डावाचं नावसुद्धा वेगळं, जपानमध्ये बोमा ये, इथे किन्शासा. नावाचा धागा एकच आहे, मुहम्मद अलीच्या १९७४च्या किन्शासातल्या बॉक्सिंग मॅचला लोक अली बोमाये ओरडत होते. आणि शेवट बघा. जपानमध्ये मूठ लावून निरोप घेतला होता, इथे नाकामुरा गुडघे टेकून बेल्ट त्याच्या हातात देतो आणि लगेच खालून मारतो. दुसरी जोडी बॅलर, २२ ऑक्टोबर २०१७, ब्रे वायट आजारी पडला म्हणून स्टाइल्सला ऐनवेळी आणला आणि जपानमध्ये जे झालं नाही ते घडलं, बुलेट क्लबचे दोन म्होरके समोरासमोर, शेवटी दोघांनी हाताची तीच जुनी खूण केली. तिसरी, समोआ जो, समरस्लॅम २०१८, आता जो फक्त मोठा नाही तर बोलून डोक्यात जाणारा झालाय.

कुठे मिळेल हे बघताना टेप कोणाच्या मालकीची आहे ते आधी शोधा. डब्ल्यूसीडब्ल्यूचं सगळं डब्ल्यूडब्ल्यूईकडे, आणि डब्ल्यूडब्ल्यूई भारतात एप्रिल २०२५ पासून नेटफ्लिक्सवर. न्यू जपानचं स्वतःचं न्यू जपान वर्ल्ड आहे, पैसे येनमध्ये जातात, एक महिना घ्या आणि स्टाइल्सची दोन वर्षं उरका. रिंग ऑफ ऑनर २०२२ पासून एईडब्ल्यू या दुसऱ्या अमेरिकन रेसलिंग कंपनीच्या मालकाकडे. टीएनएच्या यूट्यूब चॅनलवर जुन्या पूर्ण मॅचेस असतात, फक्त शोधताना टीएनए आणि इम्पॅक्ट दोन्ही नावं टाका, कारण मधली बरीच वर्षं कंपनीचं नाव इम्पॅक्ट होतं आणि २०२४ला परत टीएनए झालं. तारखा केजमॅच या रेसलिंगच्या वेबसाइटवर पडताळून बघा. आणि तुकड्या-तुकड्यांचे हायलाइट बघू नका, हात दुखतोय हे लक्षात ठेवणारा माणूस तीन मिनिटांच्या क्लिपमध्ये दिसत नाही.

सगळ्यात शेवटी रेसलमेनिया ३६ची बोनयार्ड मॅच ठेवा, एप्रिल २०२०, कोविडमुळे प्रेक्षक नाहीत, स्मशानासारखा सेट, समोर अंडरटेकर, त्याची ती शेवटची मॅच ठरली. भाच्याने मात्र क्रम मोडला, ती आधीच बघून टाकली, आणि आता तो २००५च्या त्या तिघांच्या मॅचवर अडकलाय, काल रात्री मेसेज आला, मामा ती कमान परत दाखव कुठल्या मिनिटाला आहे.